सकाळी मंगलाष्टकं, रात्री रफी

भोपाळमधल्या मराठी घरांतल्या जुन्या लग्नपत्रिका काढून बघितल्या, तर त्यांतल्या बऱ्याच दुभाषी निघतात. एका पानावर मराठी, समोरच्या पानावर हिंदी. मराठी पानावर मुहूर्त ठळक छापलेला असतो, वाजून मिनिटांसकट. हिंदी पानावर मुहूर्त बारीक अक्षरांत आणि 'आशीर्वाद समारोह, सायं सात बजे से' मोठ्या अक्षरांत. ही विभागणी छापखान्याची नव्हे, घराची. सकाळी अक्षता टाकायला नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून आलेले सगेसोयरे. संध्याकाळी ऑफिसातले साहेब-कारकून, शेजारचे शर्माजी, बैरागढहून येणारे सिंधी व्यापारी, भेलमधले मल्याळी आणि बंगाली सहकारी. सकाळचं संगीत ठरलेलंच: सनई, मंगलाष्टकं, टाळ्या. त्यावर कोणी वाद घालत नाही. वाद होतो तो संध्याकाळी काय वाजवायचं यावर, आणि हा वाद फार जुना नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी भोपाळला आली. राजधानीबरोबर फायली आल्या आणि फायलींबरोबर मराठी कारकून, शिक्षक, इंजिनीअर. कोणी नागपूरहून आलं, कोणी ग्वाल्हेर-इंदूरच्या जुन्या संस्थानी नोकऱ्यांतून. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आताच्या भेलचा, कारखाना उभा राहू लागला आणि पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहतींत आणखी मराठी बिऱ्हाडं आली. तात्या टोपे नगर, शिवाजी नगर अशी नावं नव्या शहरानं आपल्या माणसांच्या ओळखीची ठेवली. उरलेल्या वस्त्या मात्र क्वार्टरांच्या आकड्यांनी ओळखल्या गेल्या. बाराशे पन्नास, चौहत्तर बंगले, पैंतालीस बंगले. अजूनही रिक्षावाल्याला तेच सांगावं लागतं.

या क्वार्टरांसमोरच्या मोकळ्या जागेत कनात लागायची आणि तिथेच रिसेप्शन व्हायचं. लोखंडी खुर्च्या, मधोमध दोन सिंहासनवजा खुर्च्यांवर नवरा-नवरी, हातात आइस्क्रीमचे कप. गाण्यांचं काय? गाणी टेंट हाउसवाल्याबरोबर यायची. गाद्या, सतरंज्या, भांडी आणि त्याच यादीत 'माइक-रेकॉर्ड सेट'. कडुनिंबाच्या फांदीला बांधलेला भोंगा, खाली टेबलावर रेकॉर्ड प्लेअर, आणि त्याच्याजवळ रेकॉर्डींची पत्र्याची पेटी घेऊन बसलेला एक मुलगा. ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड जेमतेम तीन मिनिटं वाजायची, मग ती उलटायची, काही बाजूंनंतर पिन बदलायची. त्या पेटीत जे असेल ते वाजायचं. नवऱ्या मुलाला काय आवडतं हे त्याला कोणी विचारत नव्हतं आणि विचारलं असतं तर तो लाजला असता. निवड माइकवाल्याची होती, म्हणून गाणं रद्दी निघालं तरी दोष घरातल्या कोणाकडे येत नव्हता. या व्यवस्थेचा हा फार मोठा फायदा होता आणि तो आपल्या लक्षात आला ती व्यवस्था गेल्यावर.

त्या पेटीत रवी मात्र हमखास असायचे. संगीतकार रवी, म्हणजे दिल्लीचे रविशंकर शर्मा, मुंबईत येण्याआधी इलेक्ट्रिशियनचं काम करणारे. शंकर-जयकिशन, बर्मन, मदनमोहन यांच्या गर्दीत त्यांचं नाव लोक जरा उशिराच घेतात. पण उत्तर हिंदुस्थानातल्या लग्नाचा दिवस सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकला, तर त्यावर या एका माणसाची जेवढी छाप आहे तेवढी दुसऱ्या कोणाची नाही. १९६८ च्या 'नीलकमल'मधलं रफीचं बिदाईचं गाणं त्यांचं. १९७७ च्या 'आदमी सडक का'मधलं मित्राच्या लग्नाचं गाणं, जे आजही बँडवाले घोडी निघताच धरतात, तेही रफीचं आणि तेही रवींचं. १९६५ च्या 'वक्त'मध्ये बलराज साहनींनी बायकोसाठी म्हटलेलं, मन्ना डेंच्या आवाजातलं गाणं त्यांचंच. रिसेप्शनमध्ये ते वाजलं की पन्नाशीतले काका काकूंकडे बघून घसा साफ करतात. एवढ्यावर संपत नाही. १९५४ च्या 'नागिन'मध्ये हेमंतकुमारांच्या संगीतात जी बीन वाजली ती खरी बीन नव्हतीच. कल्याणजींचं क्लॅव्हिओलिन आणि तेव्हा हेमंतकुमारांचे सहायक असलेल्या रवींचं हार्मोनियम. म्हणजे वरातीत तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळणारा प्रत्येक हौशी नाग गेली सत्तर वर्षं रवींच्याही बोटांवर डोलतो आहे.

बँड ही मात्र मराठी घरांना इथे येऊन नव्याने जुळवून घ्यावी लागलेली गोष्ट. आपल्याकडे मिरवणूक निघायची ती लग्न लागल्यावर, नवरीला घेऊन घरी जाताना. इथे बारात लग्नाआधी, रात्री, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या माणसांच्या दोन रांगांमधून. पहिल्या पिढीनं नाकं मुरडली. दुसऱ्या पिढीनं शाळूसोबत्यांच्या बारातींत नाचून घेतलं होतं. तिला स्वतःच्या लग्नात घोडी हवीच होती. तडजोड अशी निघाली की मुहूर्त सकाळचा, धर्मविधी आपल्या पद्धतीचे, आणि संध्याकाळी रिसेप्शनच्या आधी पाऊण तास बँड. भटजींना त्याचं काही नव्हतं. आजींना होतं, पण त्या खिडकीतून बघत होत्या.

सत्तरच्या दशकात ऑर्केस्ट्रा आला. त्याचा मंच नवरा-नवरीच्या मंचासमोर असे आणि तो पाहुण्यांचं लक्ष खेचून घेत असे. मुकेशचा आवाज काढणारा एक, किशोरचा एक, आणि लताचे-आशाचे दोन्ही सूर सांभाळणारी एक कष्टाळू बाई. पाहुणे फर्माइशीच्या चिठ्ठ्या पाठवत. ही चिठ्ठी पद्धत मला आजही सगळ्यांत शहाणी वाटते. ज्याला गाणं हवं त्यानं ते लिहून द्यायचं, गायकानं येत असेल तर म्हणायचं, येत नसेल तर चिठ्ठी खिशात घालायची. कोणाचा अपमान नाही. मराठी रिसेप्शनमध्ये एखादी चिठ्ठी मराठी असे. नाट्यगीत किंवा भावगीत मागितलेलं असे, आणि गायक हिंदी भाषक असल्यानं माइक घरातल्याच एखाद्या मावशीकडे जाई. मावशी भीत-भीत उभी राहायची. तबलजीला ठेका सांगावा लागायचा. दोन मिनिटं ऑफिसातली मंडळी शांत बसून ऐकत, अर्थ न कळता, आणि शेवटी वाजवायच्या तेवढ्या टाळ्या वाजवत. संध्याकाळच्या कार्यक्रमात मराठीला मिळालेली जागा ती एवढीच.

याच काळात जुन्या भोपाळमध्ये लग्नाची रात्र कव्वालीची असे. शकीला बानो भोपाळींचं नाव देशभर झालेलं होतं. पठाणी परंपरेतून आलेली चारबैत, डफावर समोरासमोर बसून म्हणायची काव्याची चढाओढ, इथे अजून जिवंत होती. नव्या भोपाळची मराठी घरं तिकडे पाहुणे म्हणून जात, ऐकून येत, पण आपल्या मांडवात कव्वाली किंवा चारबैत त्यांनी कधी आणली नाही. हे मला खटकतं. ज्या शहरात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो त्याचं खास असं जे संगीत होतं ते आपल्या रिसेप्शनमध्ये वाजलं नाही. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेलं तेवढं वाजलं.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि माइकवाल्याच्या पेटीची मक्तेदारी मोडली. टी-सिरीजच्या स्वस्त कॅसेटींनी गाणं गल्लीबोळांत पोचवलं. आता घरातला धाकटा भाऊ कॅसेटच्या दुकानात जाऊन यादी देई आणि दुकानदार नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ती भरून देई. हीच पहिली प्लेलिस्ट. पंचेचाळीस मिनिटं झाली की खटका पडायचा, गाणं थांबायचं आणि कनातीत अचानक स्टीलच्या ताटांचा आणि माणसांच्या बोलण्याचा आवाज ऐकू यायचा. कोणीतरी धावत जाऊन बाजू उलटायचं. या काळात सकाळची सनईसुद्धा माणसाकडून टेपकडे गेली. बिस्मिल्ला खाँ साहेब देशातल्या प्रत्येक मांडवात एकाच वेळी वाजू लागले. सनईवाल्यांची कित्येक घरं त्यामुळे रिकामी बसली, ही गोष्ट कौतुकाच्या भरात विसरली जाते.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र रविवारची होती, थंडीची आणि लग्नसराईची. त्या रात्री शहरात मांडव पडलेले होते, हे त्या रात्रीच्या कित्येक हकिकतींत येतं. कारखान्यातून सुटलेल्या विषारी गॅसनं ज्या वस्त्या गिळल्या त्या बहुतेक जुन्या शहरातल्या आणि स्टेशनजवळच्या. शकीला बानोंनाही त्या गॅसचा त्रास झाला. लग्नातल्या गाण्यांच्या मागोव्यात त्या रात्रीबद्दल याहून जास्त लिहिणं मला जमणार नाही.

१९८९ च्या शेवटी 'मैंने प्यार किया' आला. त्यातली काही गाणी लिहिणारे असद भोपाळी. नावातच गाव. त्यांना त्यातल्या एका गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं आणि १९९० मध्ये ते गेले. संगीत रामलक्ष्मण यांचं, म्हणजे नागपूरच्या विजय पाटलांचं, दादा कोंडक्यांच्या चित्रपटांतून वर आलेल्या मराठी माणसाचं. शब्द भोपाळचे, चाल नागपूरकराची: नागपूरहून भोपाळला आलेल्या आमच्या लोकांनी हे जोडून बघायला हवं होतं. बघितलं नाही. मग ऑगस्ट १९९४ मध्ये त्याच रामलक्ष्मण यांचा 'हम आपके हैं कौन' आला, चौदा गाण्यांचा, आणि त्यानंतर लग्न पूर्वीसारखं राहिलं नाही.

त्या चित्रपटानं गाणी दिली, पण त्याहून मोठी गोष्ट दिली ती कार्यक्रमपत्रिका. साखरपुडा, जोडे लपवणं, ओटीभरण, प्रत्येक प्रसंगाला एक गाणं आणि प्रत्येक गाण्याला नाच. सासू-सासऱ्यांनीही नाचायचं असतं हे मध्यमवर्गाला प्रथम कळलं. मराठी घरांत 'महिला संगीत' नव्हतं. ग्रहमख होतं, हळद होती, बांगड्या भरणं होतं. पाच-सात वर्षांत भोपाळच्या मराठी पत्रिकेवर 'संगीत संध्या' छापलं जाऊ लागलं. आदल्या रात्री सगळ्यांनी बसवलेले नाच करायचे, आणि मग त्यातले दोन-तीन रिसेप्शनला पुन्हा. इथून पुढे गाणी ऐकायची राहिली नाहीत, करायची झाली. निवड पहिल्यांदा नवरा-नवरीच्या हातात आली आणि त्याबरोबर रुसवेफुगवेही आले: आमच्या बाजूला चार गाणी, त्यांच्या बाजूला सहा का?

२००० नंतर रिसेप्शन कनातीतून उठून मॅरेज गार्डनमध्ये गेलं. होशंगाबाद रोडला, कोलार रोडला हिरवळ, कारंजी आणि कमानी असलेली गार्डनं रांगेनं उभी राहिली. डीजे आला. भोंग्याची जागा माणसाएवढ्या उंच स्पीकरांनी घेतली. इथून तक्रारींचं स्वरूप बदललं. पूर्वी गाणं आवडलं नाही असं म्हणत. आता छाती धडधडते, बोललेलं ऐकू येत नाही, असं म्हणू लागले.

एका रिसेप्शनमध्ये मी पाहिलेला प्रसंग असा. जेवणाची रांग पुढे सरकत होती. ऐंशीच्या पुढच्या एक आजी प्लास्टिकच्या खुर्चीवर, स्पीकरपासून दहा हातांवर. साताऱ्याहून आलेली त्यांची बहीण शेजारी. दोघी एकमेकींना बारा वर्षांनी भेटत होत्या. बहीण आजींच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची, आजी मान हलवायच्या, पण ती मान ऐकल्याची नव्हती. शेवटी बहिणीनं पर्समधून फोन काढला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. नातू डीजेकडे गेला, "भैया, थोडा कम करो, दादी को तकलीफ हो रही है." डीजेनं आवाज एक कणभर खाली केला आणि नातवाची पाठ फिरल्यावर पुन्हा वर. गाणं वाईट नव्हतं. 'सैराट'चं होतं.

'सैराट'चा उल्लेख आलाच आहे तर सांगायला हवं, की भोपाळच्या मराठी रिसेप्शनमध्ये मराठी गाण्यावर हिंदी पाहुणे प्रथम नाचले ते एप्रिल २०१६ नंतर. त्याआधी अजय-अतुलची एक मराठी चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मधून हिंदी होऊन आली होती आणि शर्माजींच्या मुलांना ती मराठी आहे हे ठाऊकही नव्हतं. 'सैराट'च्या वेळी मात्र गाणं मराठीतच वाजलं, शब्द न कळता सगळे नाचले, आणि आमची मुलं मधोमध उभी राहून शब्द म्हणत होती. मावशीच्या भावगीताला जे साधलं नव्हतं ते ढोलानं साधलं. यावर नाक मुरडणाऱ्यांत मी नाही.

आता नवी गोष्ट नवरा-नवरीच्या 'एन्ट्री'ची. दिवे मंद होतात, धूर सोडतात, आणि ठरवलेल्या गाण्यावर जोडी हळूहळू चालत येते. ते गाणं कोणतं हे हल्ली मुंबईतल्या ताऱ्यांच्या लग्नावरून ठरतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये जैसलमेरला सिद्धार्थ मल्होत्रा आणि कियारा अडवाणीचं लग्न झालं, त्याचं चित्रण सगळ्यांनी फोनवर पाहिलं, आणि त्यातलं 'शेरशाह'चं गाणं पुढच्या लग्नसराईत गार्डनोगार्डनी वाजलं. २०१७ च्या 'फिल्लौरी'तलं पंजाबी लग्नगीतही असंच पसरलं. दोन्हींच्या मागे जसलीन रॉयल. रवींची जागा आज कोणाकडे असेल तर तिच्याकडे. हा प्रकार आपलाच आहे असंही नाही: २५ जानेवारी १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मेंडेल्सनचं वेडिंग मार्च वाजलं, आणि तेव्हापासून जगभरच्या चर्चमध्ये नवरा-नवरी त्याच्यावर बाहेर पडतात. राजघराण्याचं लग्न बघून आपलं ठरवायचं, ही खोड जुनी.

पण या निवडीनं एक झालं. रिसेप्शनचं संगीत पहिल्यांदा पूर्णपणे जोडीच्या आवडीचं झालं, आणि पाहुणा प्रेक्षक झाला. मुलं महिनाभर यादी करतात, त्यातलं निम्मं पंजाबी, थोडं इंग्रजी. काका-काकू उभ्या-उभ्या जेवतात, पाकीट देतात, फोटो काढतात आणि निघतात. मुलांचं चुकत नाही. लग्न त्यांचं आहे. पण रिसेप्शन हा एकच कार्यक्रम असा आहे की जो मुळात पाहुण्यांसाठी ठेवलेला असतो. धर्मविधी जोडीसाठी, संगीत संध्या घरासाठी, हळद बायकांसाठी. रिसेप्शनला माणसं येतात ती भेटायला. माझं मत असं, की साठ-पासष्ट वर्षांत आपण गाण्यांची निवड चुकवली नाही, आवाज आणि वेळ चुकवली. रवींचं गाणं असो की जसलीनचं, जेवणाच्या वेळी ते हळू असेल तर ऐंशीची आजीही ऐकते. आणि नाचाच्या वेळी मोठं असेल तर तिलाही चालतं, कारण ती तेव्हा बघायला बसलेली असते.

करोनाच्या काळात पाहुण्यांवर पन्नासची मर्यादा आली तेव्हा याचा अनपेक्षित पुरावा मिळाला. डीजे नाही, बँड नाही. घराच्या गच्चीवर छोटा स्पीकर, आणि लोक खरंच बोलले. बँडवाल्यांचे मात्र दोन हंगाम बुडाले, त्यांच्यासाठी तो काळ भयंकर होता. त्यातले काही जण पुन्हा धंद्यात आलेच नाहीत.

ज्यांच्याकडे येत्या हंगामात लग्न आहे त्यांच्यासाठी कायद्याच्या दोन गोष्टी. लग्नात आणि लग्नाच्या समारंभांत ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला कॉपीराइटचा परवाना लागत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये तशी सूट आहे आणि केंद्र सरकारनं २४ जुलै २०२३ च्या सूचनेनं ती पुन्हा स्पष्ट केली. हॉटेल किंवा गार्डन त्या नावाखाली वेगळे पैसे मागत असेल तर ते कलम दाखवा. दुसरी गोष्ट आवाजाची. मध्य प्रदेशात कोलाहल नियंत्रणाचा कायदा १९८५ पासून आहे. केंद्राच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. डिसेंबर २०२३ पासून राज्य सरकारनं याची अंमलबजावणी कडक केली आहे आणि दहा वाजले की गार्डनवाले स्वतःच वायर काढतात.

म्हणून डीजेला यादी देताना एक कागद वेगळा द्या. त्यावर वेळ लिहा. सात ते आठ जुनी गाणी, हळू. आठ ते नऊ जेवण, फक्त वाद्यसंगीत, समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येईल एवढ्याच आवाजात. फर्माइशीच्या चिठ्ठ्यांचा डबा मंचाजवळ ठेवा, म्हणजे शर्माजींनाही विचारल्यासारखं होईल. आणि जोडीची सगळ्यांत लाडकी गाणी नऊ ते साडेनऊमध्ये घ्या. पुढे ढकललीत तर ती वाजणार नाहीत.